इक्वलायझर कोणता घ्यावा?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या परिचयाचे एक शिक्षक लॅपटॉप घेऊन घरी आले. त्यांच्या आईने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या त्यांनी काही वर्षांपूर्वी मुद्रित करून ठेवल्या होत्या, एकूण अकरा. आई आता नाहीत. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना ऐकवाव्यात म्हणून त्यांनी त्या 'साफ' करायला घेतल्या. जात्याची घरघर नको म्हणून ३०० हर्ट्झच्या खालचे सगळे कापून टाकले आणि आवाज मोकळा वाटावा म्हणून वरचा भाग १२ डेसिबलने उचलला. लॅपटॉपवर ऐकताना सुधारणा झाल्यासारखे वाटले. प्रत्यक्ष कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर त्या लावल्या तेव्हा त्यांच्या मावशी म्हणाल्या, "हा काही अक्काचा आवाज नाही." 

गुरुजींचा आम्हाला प्रश्न होता, "फुकटातला इक्वलायझर वापरला म्हणून असे झाले का? चांगला विकतचा कोणता घेऊ?" अकरापैकी सात ओव्यांच्या मूळ फाइली त्यांच्या जुन्या फोनमध्ये शिल्लक होत्या. उरलेल्या चारांवर त्यांनी सुधारलेली प्रत त्याच नावाने, एमपीथ्री स्वरूपात, साठवली होती.

आजकाल पुष्कळ शिक्षक घरी ध्वनिमुद्रण करतात. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा अनेकांनी पाठ आणि गोष्टी मुद्रित करून मुलांना पाठवल्या, आणि ती सवय पुढेही राहिली. त्यामुळे गुरुजींचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. त्याचे उत्तर देण्याआधी इक्वलायझर नेमके करतो काय ते पाहू या.

आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. (कंप्रता म्हणजेच पाठ्यपुस्तकातील वारंवारिता.) कोणताही आवाज हा अनेक कंप्रतांचे मिश्रण असतो. या मिश्रणातील एखाद्या पट्ट्याचे प्रमाण कमीजास्त करणे एवढेच इक्वलायझरचे काम. पूर्वीच्या टू-इन-वन टेपरेकॉर्डरवर पाच-सहा सरकत्या खुंट्या असत, तो इक्वलायझरच. नावाचा उगम मात्र टेलिफोनमध्ये आहे. लांबच्या तारेतून जाताना उच्च कंप्रता अधिक क्षीण होतात. पलीकडच्या टोकाला त्या पुन्हा उचलून सर्व कंप्रता 'समान' करणारे मंडल म्हणजे इक्वलायझर. थोडक्यात, ते मुळात झालेली हानी भरून काढण्याचे साधन होते. आवाज सजवण्यासाठी त्याचा उपयोग नंतर सुरू झाला. १९७२ साली जॉर्ज मॅसनबर्ग यांनी 'पॅरामेट्रिक' इक्वलायझरवरचा आपला निबंध मांडला. त्यात प्रत्येक पट्ट्यासाठी तीन गोष्टी स्वतंत्रपणे ठरवता येतात: पट्ट्याची मध्यकंप्रता, ती किती डेसिबलने वाढवायची वा घटवायची, आणि पट्टा किती रुंद ठेवायचा. या रुंदीसाठी 'क्यू' हे अक्षर वापरतात. क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद. आज संगणकावर मिळणारे बहुतेक सर्व इक्वलायझर याच तीन खुंट्यांचे आहेत.

डेसिबलचा हिशेब येथेच करून ठेवू. ६ डेसिबल वाढ म्हणजे तरंगाचा आयाम सुमारे दुप्पट, १२ म्हणजे सुमारे चौपट. एका डेसिबलने आयाम सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो.

फळ्यावरचा इक्वलायझर

संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सीडीसाठी ठरलेल्या प्रमाणानुसार सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा −३२,७६८ ते ३२,७६७ यांच्या दरम्यानचा. या रांगेवर गणित करायचे म्हणजे काय, हे आठवीच्या वर्गातही दाखवता येते. नियम असा घेऊ: प्रत्येक आकडा आणि त्याच्या लगतचा आधीचा आकडा यांची सरासरी काढायची. आता १, १, १, १ ही रांग घ्या. सरासरी पुन्हा १, १, १ अशीच येते. मग १, −१, १, −१ ही रांग घ्या. सरासरी ०, ०, ०. पहिली रांग अजिबात न बदलणारी, म्हणजे अतिमंद कंप्रतेची. दुसरी प्रत्येक पावलाला उलटणारी, म्हणजे या रांगेत मावणाऱ्या सर्वोच्च कंप्रतेची (सीडीच्या बाबतीत २२,०५० हर्ट्झ). आपल्या साध्या सरासरीने मंद कंप्रता जशीच्या तशी जाऊ दिली आणि उच्च कंप्रता पूर्ण अडवली. सरासरीऐवजी निम्मी वजाबाकी केली तर याच्या उलट होते. मुलांना हे स्वतः करून पाहू द्यावे. मधली कंप्रता म्हणून १, ०, −१, ० ही रांग द्यावी. सरासरी ०.५, −०.५, −०.५, ०.५ अशी येते, म्हणजे तरंग पुसला जात नाही, नुसता लहान होतो. शिवाय तो थोडा मागेही सरकतो. या सरकण्याकडे आपण पुढे परत येऊ.

खऱ्या इक्वलायझरचे गणित याहून फार अवघड नाही. पॅरामेट्रिक इक्वलायझरच्या एका पट्ट्यासाठी रांगेतील चालू आकडा, त्याच्या आधीचे दोन आकडे आणि आपणच काढलेली आधीची दोन उत्तरे, असे पाच आकडे घेतात. त्यांना पाच ठरावीक संख्यांनी गुणतात आणि बेरीज करतात. खुंटी फिरवली की फक्त या पाच संख्या बदलतात. त्या कशा काढायच्या याची सूत्रे रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी संकलित करून सर्वांसाठी खुली केली, आणि कितीतरी प्रोग्रॅम तीच वापरतात. एका पट्ट्याला सेकंदाला ४४,१०० गुणिले ५, म्हणजे २,२०,५०० गुणाकार लागतात. आठ पट्टे आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या धरल्या तरी सुमारे ३५ लाख. साध्या फोनमधल्या प्रोसेसरलाही हे काम किरकोळ आहे.

आता मुद्द्यावर येऊ. गणित तेच असेल तर फुकटचा आणि विकतचा यांच्या आवाजात फरक कसा पडेल? फार करून पडत नाही, आणि हे आमच्या शब्दावर मानण्याचे कारण नाही. याची कसोटी घरी करता येते. एकाच मुद्रणाच्या दोन प्रती घ्या. एकीवर पहिल्या इक्वलायझरने आणि दुसरीवर दुसऱ्याने नेमका सारखा आलेख लावा. मग एका प्रतीचे चिन्ह उलटे करा, म्हणजे अधिकचे उणे आणि उण्याचे अधिक. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रॅममध्ये यासाठी 'इन्व्हर्ट' नावाची तयार आज्ञा आहे. मग दोन्ही प्रती एकदम वाजवा. दोन्ही एकच असतील तर बेरीज शून्य, म्हणजे शांतता. जे ऐकू येईल तेवढाच त्या दोघांमधला फरक. आलेखात ०.१ डेसिबलची तफावत राहिली तरी उरणारा ध्वनी मूळच्या सुमारे एक टक्का, म्हणजे जवळजवळ ४० डेसिबल खाली असतो.

ही कसोटी करताना एक खाचखळगा आहे. दोन्हीकडे 'क्यू' २ ठेवला म्हणजे आलेख सारखे झाले असे नाही. रुंदी कशी मोजायची याच्या व्याख्या वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या घेतल्या आहेत. कुणाचा पट्टा वाढ मोठी होईल तसा अरुंद होत जातो, कुणाचा नाही. म्हणून आकडे न जुळवता आलेख जुळवावा लागतो. "अमुक इक्वलायझर उबदार वाटतो, तमुक कोरडा" अशा चर्चांपैकी बऱ्याच चर्चांचे मूळ या न जुळलेल्या आलेखांत असावे, असे आमचे मत आहे.

दुसरे मूळ आपल्या कानात आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी समान मोठेपणाचे वक्र प्रसिद्ध केले. त्यावरून दिसते की आवाज हळू असताना आपल्या कानाला खालच्या कंप्रता फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की त्या भरभर पुढे येतात. त्यामुळे तेच गाणे थोडे मोठ्याने लावले की अधिक भरदार वाटते. इक्वलायझरने काहीही उचलले की एकूण आवाजही वाढतो, आणि आपण म्हणतो, "वा, सुधारले!" म्हणून इक्वलायझर निवडताना आम्ही सर्वांत आधी पाहतो ती अगदी साधी सोय: शेवटी आवाजाची पातळी कमी करण्याची खुंटी आणि इक्वलायझर क्षणात बंद-चालू करण्याचे बटण. दोन्ही अवस्थांत पातळी सारखी करून डोळे मिटून ऐकावे, शक्य तर बटण दुसऱ्याच्या हाती द्यावे. अशा ऐकण्यात आमच्या स्वतःच्या कित्येक 'सुधारणा' गळून पडल्या आहेत.

मग पैसे देऊन मिळते काय? वापरायची सोय मिळते आणि काही खास कामे होतात. फॅबफिल्टर कंपनीच्या प्रो-क्यूसारख्या इक्वलायझरमध्ये आलेख बोटाने ओढता येतो, पडद्यावर आवाजाचा वर्णपट हलताना दिसतो. रोज दहा तास काम करणाऱ्याला याचे मोल आहे. एक खरा फरक अगदी वरच्या टोकाला असतो. पाच संख्यांच्या साध्या गणिताने काढलेला आलेख २२,०५० हर्ट्झच्या जवळ चेपला जातो. काही इक्वलायझर जास्त काटेकोर गणित करून हे टाळतात. पण हा परिणाम १०,००० हर्ट्झच्या वरच्या मोठ्या बदलांत जाणवणारा आहे. गोष्ट सांगणाऱ्या बाईंच्या आवाजाशी त्याचा फारसा संबंध येत नाही. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे इक्वलायझरही असतात, उदाहरणार्थ १९५१ च्या पल्टेक यंत्राची. त्यातील काही मुद्दाम नव्या कंप्रता मिसळतात. ते वरच्या कसोटीत शून्य होणार नाहीत, कारण ते केवळ इक्वलायझर नाहीतच. आवड असल्यास घ्यावेत, गरज म्हणून घेऊ नयेत.

'लिनियर फेज' हा शब्द जाहिरातीत हमखास भेटतो. सरासरीच्या उदाहरणात तरंग थोडा मागे सरकला होता, हे आठवा. साध्या इक्वलायझरमध्ये वेगवेगळ्या कंप्रता वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. लिनियर फेजमध्ये सर्व कंप्रता वेळेत सारख्याच सरकतात. ऐकायला हे उत्तम वाटते, पण त्याची किंमत मोजावी लागते. खालच्या कंप्रतांवर बारीक काम करायचे तर लांब रांग एकदम हाताळावी लागते. ४,०९६ आकड्यांची रांग घेतली तर आवाज सुमारे ४६ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. शिवाय तबल्याच्या थापेसारख्या आघाताच्या किंचित आधी त्याची पूर्वछाया उमटू शकते, जी निसर्गात कधीच नसते. एकच आवाज दोन मायक्रोफोनांनी घेतला असेल आणि त्यातील एकावरच बदल करायचा असेल, तर लिनियर फेजचा खरा उपयोग आहे. एरवी साधी पद्धत बरी.

मिश्रण करताना, म्हणजे गायन, पेटी, तबला, तानपुरा यांच्या वेगवेगळ्या मुद्रणांचा मेळ घालताना, इक्वलायझर ज्या त्या मुद्रणावर लावतात. हेतू असा की एकाने दुसऱ्याला झाकू नये. मोठा खालचा स्वर वरच्या स्वराला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही, म्हणून कापाकापीची सुरुवात सहसा खालून होते. मास्टरिंग म्हणजे तयार मिश्रणावरचा शेवटचा हात. तेथे एखाद-दोन डेसिबलचे, रुंद पट्ट्याचे बदल पुरतात. पाच-सहा डेसिबल लागत असतील तर चूक मिश्रणात आहे असे समजून मागे जावे.

तानपुऱ्याबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. वर्णपटात टोकदार शिखर दिसले की ते अरुंद पट्ट्याने खुडावे, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. ड्रमच्या झंकारासाठी तो ठीक असेल. तानपुऱ्यात मात्र ती शिखरे हेच संगीत आहे. तार ज्या बिंदूवर छेडली तेथे ज्या स्वरांशाचा निष्पंद येतो तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा यंग-हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले. कारण आहे घोडीचा रुंद, वक्र माथा आणि त्यावरची जवारी. तेथे तार सतत टेकत-उचलत राहते, आणि वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात, मावळतात. एका क्षणी दिसलेले शिखर कायमचे कापले तर पुढच्या क्षणीची जवारी मरते. रामन यांनी तबला-मृदंगावरही काम केले. शाईमुळे त्यांचे स्वरांश जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, हे त्यांचेच निरीक्षण. तेथेही डोळे झाकून कात्री चालवू नये.

खोली आणि टेबल

घरच्या मुद्रणातील पुष्कळ दोष इक्वलायझरच्या आवाक्याबाहेरचे असतात. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली घ्या, म्हणजे प्रत्येक बाजू ३.०५ मीटर. २५ अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला स्थिर तरंग ३४६ भागिले ६.१, म्हणजे सुमारे ५७ हर्ट्झचा आणि दुसरा ११३ हर्ट्झचा. तिन्ही बाजू सारख्या असल्याने तिन्ही दिशांचे तरंग एकाच कंप्रतेवर येतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र धैवत याच सुमारास येतो. तो स्वर लागला की खोली घुमते आणि गायकाचा दोष नसताना धैवत फुगतो. येथे इक्वलायझर काही अंशी मदत करील, पण मायक्रोफोन हलवणे अधिक गुणकारी. भिंतीपासून अडीच फुटांवर, म्हणजे खोलीच्या पाव लांबीवर, ११३ हर्ट्झच्या त्या दिशेच्या तरंगाचा दाब जवळजवळ शून्य असतो.

टेबलाचे उदाहरण तर प्रयोग म्हणून करण्याजोगे आहे. तोंडापासून थेट मायक्रोफोनकडे येणारा आवाज आणि टेबलावर आपटून येणारा आवाज यांच्या मार्गांत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर दुसरा एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. मग ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा ओळीने कंप्रता एकमेकींना खोडतात. आलेख फणीसारखा होतो, आणि बोलणारा जरा हलला की फणीचे दातही हलतात. इतकी भोके भरायला कोणताही इक्वलायझर पुरणार नाही. टेबलावर जाड गोधडी चौपदरी घालून ठेवली की काम होते. प, फ, भ उच्चारताना मायक्रोफोनवर आदळणारी फुंकरही अशीच. ताणलेली पातळ ओढणी आधी, ८० हर्ट्झखालची कापणी नंतर. स आणि श टोचत असतील तर मात्र चांगला इक्वलायझर उपयोगी पडतो, विशेषतः 'डायनॅमिक' प्रकारचा. तो ५ ते ८ हजार हर्ट्झचा पट्टा, तेथील आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच दाबतो. 'टीडीआर नोव्हा' हा या प्रकारचा इक्वलायझर मोफत मिळतो. साध्या पॅरामेट्रिक कामाला रीपरबरोबर येणारा 'रीईक्यू' पुरेसा आहे.

आता गुरुजींच्या ओव्यांकडे वळू. वयस्क स्त्रीच्या गाण्याचा मूळ स्वर २०० हर्ट्झच्या आसपास असतो. ३०० च्या खालचे सगळे कापले तेव्हा घरघरीबरोबर आवाजाचा पायाही गेला. गुरुजींना ते कळले नाही याची दोन कारणे. एक, लॅपटॉपचे बारीक स्पीकर तेवढ्या खालचे वाजवतच नाहीत, त्यामुळे कापण्याआधी आणि नंतर फरक दिसायला वाव नव्हता. दोन, मूळ स्वर काढून टाकला तरी वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू तो स्वर ओळखतो. टेलिफोनवर ३०० च्या खालचे जवळजवळ काही येत नसे, तरी माणसाचा स्वर आपल्याला बरोबर कळे. स्वर कळतो, पण भरीवपणा जातो, आणि मावशींच्या कानाने तो जाणवून घेतला.

त्या चार ओव्या परत मिळतील का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मोजमापातून आलेल्या संकेतांची छाननी हे आमचे रोजचे काम, म्हणून आम्ही प्रयत्न करून पाहिला. तत्त्वतः इक्वलायझरने ६ डेसिबल उचललेला पट्टा तेवढाच खाली आणला की मूळ आवाज परत मिळतो. पण येथे १२ डेसिबल उचलताना आकडे मावेनासे झाले होते. १२,००० चा आकडा चौपट केला की ४८,०००; मर्यादा ३२,७६७ ची. तरंगाचे माथे सपाट कापले गेले, आणि कापलेला माथा किती उंच होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. खालचा भाग इतका क्षीण झाला होता की एमपीथ्री करताना तो ऐकू न येणारा म्हणून टाकून दिला गेला. टाकलेल्या आकड्यांना कशानेही गुणले तरी काही निघत नाही. विकतच्या इक्वलायझरनेही निघाले नसते. हे सांगताना आम्हाला अवघड गेले. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मूळ वेगळी ठेवायला हवी होती. मुलांना वही पुसू नका म्हणून आम्हीच सांगतो."

त्या चारांत वरचा भाग ६ डेसिबल खाली आणून कर्कशपणा तेवढा कमी केला. उरलेल्या सातांच्या आधी दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या, आणि मग तिसऱ्या प्रतीवर रीईक्यू लावला: ७० हर्ट्झच्या खाली सौम्य कापणी, खोलीच्या घुमण्यासाठी ११५ च्या आसपास ३ डेसिबल कमी, ३,००० च्या आसपास रुंद पट्ट्याने दीड डेसिबल वाढ, शेवटी एकूण पातळी मूळइतकी. बंद-चालू करून मावशींना फोनवर नव्हे, घरच्या मोठ्या स्पीकरवर ऐकवले. जात्याची घरघर बरीचशी तशीच राहिली आहे. ती काढू का, असे विचारल्यावर मावशी नको म्हणाल्या.